पहिल्यापासून अशीच

“‘मला राग पटकन येतो.’ हो, नाही, की सांगता येत नाही?”

“हे तुम्ही मघाशी विचारलंत,” मी म्हटलं.

“मघाशी वेगळं होतं, मॅडम. ‘लोक मला तापट म्हणतात’ असं होतं.”

“तेच ते. एकाच धड्यावर तीन प्रश्न काढायचे आणि पोरगं कुठं अडकतंय ते बघायचं. तेवीस वर्षं प्रश्नपत्रिका काढतेय मी. मला नका शिकवू.”

डॉक्टर तृप्ती लोखंडे हसली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी हात वर करणारी. हसता हसता तिने ‘हो’च्या चौकटीत खूण केली.

“मी हो म्हटलंय का?”

“नाही, पण...”

“मग खोडा ते.”

तिने निमूटपणे खोडलं आणि तोच प्रश्न पुन्हा वाचला.

“हो,” मी म्हटलं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि बसले होते कुठे, तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात. आमच्या गावात या विभागाचं नावसुद्धा कुणी घेत नाही. ‘तिकडं’ म्हणतात. कणसे बाईंना तिकडं नेलंय, एवढं बोललं की समोरचा समजून जातो.

नेलं नव्हतं, पाठवलं होतं. वरच्या कार्यालयाचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय श्रीमती प्रभावती दिनकर कणसे यांनी वर्गावर जाऊ नये. कारणही खरं होतं, आता लपवून काय करू? तीन आठवड्यांपूर्वी तिसरीतल्या सोनालीने बेरजेत हातचा धरला नाही, म्हणून मी तिची पाटी हिसकावून टेबलावर आपटली. पाटी फुटली, कपची उडाली आणि पोरीच्या भुवईत घुसली. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. खरं म्हणजे त्याच्या आधी कित्येक महिने नव्हता, पण ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

तक्रार सोनालीच्या आईबापांनी केली नाही. बाईंनी मारलं म्हणजे आपल्याच पोरीचं काहीतरी चुकलं असेल, असं म्हणणारी ती माणसं. तक्रार केली तांबोळी सरांनी. आमची शाळा दोन शिक्षकी. चार वर्ग, एक्केचाळीस पोरं, एक मी आणि एक रशीद तांबोळी. मुख्याध्यापकाचा कार्यभार त्यांच्याकडे. सव्वा वर्ष आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आता दोन पानी पत्र लिहून त्यांनी माझा काटा काढला, अशी माझी पक्की खात्री होती.

दवाखान्यात केसपेपर काढताना कळलं की या विभागात एक अभ्यास चालू आहे, माणसाचा स्वभाव आणि त्याची तब्येत यांचा संबंध शोधणारा. त्यात नाव घातलं तर दोन मिनिटांत वाटेला लावत नाहीत, दोन तास ऐकून घेतात. शिवाय प्रमाणपत्र देणारे मोठे डॉक्टर लोखंडेबाईंची टिपणं वाचूनच सही करतात. मी लगेच संमतीच्या कागदावर सही ठोकली. दोन तास बोलायला मिळालं तर मी कुणालाही पटवून देईन, एवढा मला माझ्या तोंडावर भरवसा.

सही केल्यावर फायलीवर नजर गेली. वर छापलं होतं, ‘व्यक्तिमत्त्व विकार’.

“हे वेडाचंच नाव का?” मी विचारलं.

“नाही हो मॅडम. वेड हा शब्द आम्ही वापरतच नाही. काही माणसांच्या स्वभावाची घडणच अशी होते की त्यांना स्वतःला आणि आजूबाजूच्यांना सतत त्रास होतो. तरुणपणापासून चालत आलेलं असतं ते. तुमचं तसं आहे का, हे बघायलाच एवढे प्रश्न.”

“आणि निघालं तर? गोळी?”

“नुसत्या गोळीने नाही भागत. बोलून, शिकून, हळूहळू फरक पडतो. वर्ष, दोन वर्षं लागतात.”

“मग आमच्याकडे म्हणतात तेच की. स्वभावाला औषध नाही.”

“फरक पडतो म्हटलं मी,” ती म्हणाली.

मी ऐकलं ते फक्त दोन वर्षं. दोन वर्षं वर्गाबाहेर! मला शिवण येत नाही, भरतकाम येत नाही, स्वयंपाक बेताचा. मला एकच गोष्ट येते, पोराला अक्षर ओळखायला शिकवणं. ती काढून घेतली तर मी सकाळी उठून करू काय? पण तोंड बंद राहील तर शपथ!

“आमच्या बाबांवर गेलेय मी,” मी ऐटीत सांगून टाकलं. “ते चिडले की ताट भिरकावायचे. आमच्या घराण्यातच आहे हे.”

तिने तेही लिहून घेतलं. मग रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी पुढे केली.

“रक्त कशाला? डोकं तपासायला आलेय मी. शरीर ठणठणीत आहे. उलट बारीकच झालेय, बायका विचारतात, काय केलंत म्हणून.”

“तरी करून घ्या.”

मी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये टाकली.

मग माझ्यासोबत आलेल्या आमच्या ह्यांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. घरातलं एक माणूस आणि कामावरचं एक माणूस, अशा दोघांना विचारल्याशिवाय त्या अभ्यासाचं पान पुरं होत नाही, असा नियम. आत-बाहेर म्हणजे तरी काय, मध्ये प्लायवूडची फळी आणि वरून सगळं उघडं. आतला शब्द न् शब्द बाहेर येत होता. कान द्यायची गरज नव्हती, तरी मी दिला.

आमचे हे म्हणजे गरीब गाय. सूतगिरणीत नोकरी, वर मान करून बोलायची सवय नाही. पण त्या दिवशी अंगात काय संचारलं होतं कोण जाणे.

“मॅडमना असा राग येतो, हे तुम्ही कधीपासून बघताय?” डॉक्टरने विचारलं.

“पहिल्यापासून! कसं आहे डॉक्टर, हिला वेडबिड काय नाही हां. स्वभाव आहे तो. आमच्या लग्नात वाजंत्रीवाला बेसूर वाजवत होता, तर हिनं बोहल्यावरून त्याला झापला. तेव्हापासून बघतोय. पहिल्यापासून अशीच.”

“गेल्या वर्षभरात काही फरक?”

“काय फरक नाही. जशी होती तशी. तोंडानं फटकळ, मनानं निर्मळ.”

“झोप?”

“झोप...” हे जरा अडखळले. “पहिल्यापासून कमीच.”

मी बाकावर ताठ झाले. कमी? मी? अहो, उशीला डोकं टेकलं की घोरणारी बाई मी! माझ्या घोरण्यावरून सासूबाई अख्ख्या आळीत चेष्टा करायच्या. हा माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होता. पहिल्यांदा मला भरून आलं, की बघा, कसा बाजू घेतोय. मग आतून पेनाचा करकर आवाज ऐकू आला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्यापासून, पहिल्यापासून, पहिल्यापासून. हे सगळं त्या फायलीत हवं तसंच बसत होतं. मी बाबांचं ताट सांगितलं, ह्यांनी बोहलं सांगितलं. आम्ही नवराबायकोने मिळून माझ्या गळ्यात पाटी बांधली होती.

परतीच्या एसटीत मी ह्यांना धरलं. “अहो, काय सांगून आलात?”

“वाचवलं तुला! वेड नाही म्हणून ठासून सांगितलं.”

“मी जन्मापासून अशी आहे म्हणून सांगितलंत. त्यांना तेच तर शोधायचंय!”

“मग काय, गेल्या साली बिघडली म्हणून सांगू? चांगलं माणूस एकाएकी बिघडलं तर त्यालाच वेड म्हणतात, प्रभा.” ह्यांचा आवाज बारीक झाला. “उद्या पोरीचं जमवायचंय. आई तापट आहे, एवढं चालतं लोकांना. आईला तिकडचं औषध चालू आहे, हे नाही चालत.”

म्हणजे ह्यांना दिसलं होतं. मी बदलले हे ह्यांनी पाहिलं होतं आणि मायेपोटी गिळलं होतं. खिडकी उघडून वारा घेत बसले, आणि मागच्या सीटवरची म्हातारी गारठा लागतो म्हणून कुरकुरत राहिली.

राहिलं होतं कामावरचं माणूस. दवाखान्यातून निघताना डॉक्टरने विचारलं होतं, “शाळेत पाच वर्षांहून जास्त तुमच्यासोबत कोण आहे?”

“एकच आहे. पण त्यानेच तक्रार केलीय.”

“मग तर त्यांना बोलवायलाच हवं.”

गुरुवारी तांबोळी सर आले. शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकाला वर्ग सोपवून पहिल्या गाडीने आले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. मला बघून त्यांनी मान हलवली. मी भिंतीवरचा क्षयरोगाचा तक्ता वाचायला लागले. मनात म्हटलं, या, घाला शेवटचा घाव.

ते फळीच्या आत गेले. मी बाकाच्या कडेला सरकले.

“कणसे मॅडमना किती वर्षं ओळखता?”

“दहा वर्षं, तीन महिने.”

“त्या रागीट आहेत?”

“आहेत.”

माझ्या मुठी आवळल्या गेल्या.

“पहिल्यापासून?”

“फटकळ पहिल्यापासून. रागीट नाही,” सर म्हणाले. “दोन्हींत फरक आहे, मॅडम. फटकळ माणूस बोलून मोकळं होतं आणि डब्यातली भाजी पुढे करतं. बाईंची भाजी मी नऊ वर्षं खाल्लीय. आत्ताचं हे जे आहे, ते गेल्या दिवाळीनंतरचं.”

“दिवाळीनंतरचंच, हे कशावरून? तुमच्यात तर बोलणं नव्हतं म्हणे.”

“नव्हतं, म्हणूनच सांगता येतंय.” टेबलावर काहीतरी धप्पकन ठेवल्याचा आवाज आला. “ही आमची सूचना वही.”

माझा चेहरा कानापर्यंत तापला. दोनच शिक्षक आणि त्यांच्यात अबोला, तर शाळा चालणार कशी? मी युक्ती काढली होती. टेबलावर एक जाड वही ठेवायची. त्यांनी लिहायचं, ‘खिचडीचे तांदूळ संपत आले आहेत.’ मी खाली लिहायचं, ‘पाहिले आहे.’ तारीख, वार, सही सगळं. केंद्रप्रमुखांनी एकदा ती वही चाळून ‘नोंदी उत्तम’ असा शेरा मारला होता. त्यांना काय माहीत, ते भांडण आहे म्हणून!

“हे बघा गेल्या वर्षीच्या जूनचं अक्षर,” सर सांगत होते. “तालुक्यात नाव होतं या अक्षराचं. गावात लग्न असलं की पत्रिकांवर नावं घालायला गठ्ठे बाईंकडे यायचे. हा ऑगस्ट. हा ऑक्टोबर. आता नोव्हेंबर बघा, उभी रेघ कशी हललीय. आणि हा जानेवारी.”

पानं उलटल्याचा आवाज. पुन्हा मागे उलटल्याचा.

“हात थरथरतोय,” डॉक्टर हळूच म्हणाली.

“खडू धरताना मी डोळ्यांनी पाहिलाय. आता ही बावीस डिसेंबरची नोंद वाचा.”

“‘वर्गाच्या खिडक्या बंद करू नयेत. असह्य उकडते.’ डिसेंबरमध्ये?”

“आमची शाळा माळावर आहे, मॅडम. डिसेंबरात तिथं पाण्याला हात लावायची सोय नसते. पोरं कानटोप्या घालून बसलेली आणि बाई पदराने वारा घेतायत. खाणं म्हणाल तर स्वतःचा डबा संपवून पोरांच्या खिचडीतली ताटली घ्यायच्या. आणि हातातल्या बांगड्या बघावं तर कोपरापर्यंत घसरतायत. मी काही डॉक्टर नाही. पण एवढं खाऊन माणूस वाळतं कसं?”

“हे तक्रारीत का नाही लिहिलंत?”

“लिहिलंय. दुसऱ्या पानावर. बाईंची प्रकृती बरी नाही, वैद्यकीय तपासणी व्हावी, असं लिहिलंय. पाटी फुटल्याचं लिहिणं भाग होतं, लेकराचा डोळा जाता जाता राहिला. पण पत्र वरून येईपर्यंत ‘वैद्यकीय’चं ‘मानसिक’ झालं. त्याला मी काय करू?”

डॉक्टर म्हणाली, “सर, एक विचारू? तुमचं त्यांच्याशी पटत नाही. मग एवढी वही घेऊन इथपर्यंत...”

“तीस वर्षं नोकरी झाली माझी. तापट स्वभावाचे तीन हेडमास्तर सोसले. बाईंचा स्वभाव असता तर बाईंनाही सोसलं असतं, कागद काळा केला नसता. माणूस स्वभाव सोसतो हो. हा स्वभाव नाही.”

मी पदर तोंडात कोंबला. सव्वा वर्ष ज्या माणसाच्या नावाने मी मनात बोटं मोडली, तो माणूस माझ्या बांगड्यांकडे बघत होता, खडूकडे बघत होता. माझ्या घरातल्यांना जे बोलायची भीती वाटली, ते तो माझा वैरी तारीखवार मांडत होता. मला रडू आवरेना.

खुर्ची सरकली आणि डॉक्टर तरातरा बाहेर आली. “मॅडम, हात पुढे करा. बोटं ताणा.”

तिने माझ्या पालथ्या हातांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला.

“हे कधीपासून?”

“काय कधीपासून? रागाने थरथरतात ते.”

“आत्ता राग आलाय तुम्हाला?”

मी कागदाकडे बघितलं. राग कुठला, मी तर रडत होते. कागद तरी फडफडतच होता.

तिने नाडी बघितली. घड्याळाकडे बघत ओठ हलवत राहिली आणि म्हणाली, “एकशे अठरा.” मग मला पाण्याचा घोट गिळायला लावून गळ्याकडे निरखून पाहिलं. “रक्ताची चिठ्ठी दिली होती मी. तपासलंत?”

मी पर्समधून घडी काढली. तशीच होती. मग त्या पोरीने मला असं फैलावर घेतलं की काय सांगू! एवढ्या शिकलेल्या बाई, शिक्षिका, आणि चिठ्ठी पर्समध्ये घालून फिरता? मी मान खाली घालून ऐकलं. तेवीस वर्षांत मला इतकं कुणी बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर ती माझ्या शेजारी बसली आणि स्वतःशीच म्हणाली, “चूक माझीपण आहे. तुम्ही बारीक झालात म्हणालात, तेव्हाच उठून हात बघायला हवा होता. मी प्रश्नपत्रिका वाचत बसले.”

त्याच दिवशी रक्त दिलं. वही डॉक्टरने झेरॉक्स काढायला ठेवून घेतली. शुक्रवार कसा गेला ते माझं मला माहीत. एकच विचार, रक्तात काही निघू दे. देवाला आजार मागणारी मीच पहिली असेन.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं पुन्हा तिच्यासमोर. तिने कागद टेबलावर सरळ केला.

“गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तुमची ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करतेय. सगळं शरीर भरधाव सुटलंय. त्यामुळे घाम, भूक, वजन उतरणं, झोप उडणं, हात थरथरणं. आणि चिडचिड.”

“चिडचिडसुद्धा?”

“चिडचिडसुद्धा.”

“औषध आहे?” मी विचारलं.

“आहे. गोळ्या आजपासूनच सुरू करू. महिना-दीड महिन्यात तुमचा तुम्हालाच फरक कळेल.”

“म्हणजे वेड नाही ना?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“नाही.”

“आणि स्वभावपण नाही?”

“स्वभावाचं आत्ता काहीच म्हणता येत नाही. ताप चढलेला असताना कुणी माणसाची ताकद मोजतं का? या अभ्यासातून मी मॅडमचं नाव काढलंय. मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, शारीरिक आजार, उपचार चालू, सहा आठवड्यांनी तपासून वर्गावर रुजू होता येईल.”

सहा आठवडे! दोन वर्षं नाहीत, सहा आठवडे. आमच्या ह्यांनी समोर देव नाही असं बघून डॉक्टरच्या टेबलफॅनलाच हात जोडले. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं. ते औषध पुढे दीड वर्ष घेतलं आणि सुटलं. निवृत्त होईपर्यंत मी वर्गावर होते, आणि पोरावर हात उगारायची वेळ पुन्हा आली नाही. फटकळपणा मात्र आहे तिथेच आहे.

सुटका झाली की माणसाला हाव सुटते. मी डोळे पुसले आणि विचारलं, “मग डॉक्टर, तांबोळी सरांशी मी अबोला धरला, तोही या थायरॉइडमुळेच असणार, नाही का?”

“अबोला कधीपासून?”

“गेल्या वर्षी शाळा उघडली तेव्हापासून. जून.”

तिने वही ओढली आणि पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. मोत्यासारखं अक्षर होतं.

“जूनमध्ये हात स्थिर आहे, मॅडम,” ती म्हणाली. “तो अबोला तुमचाच.”

आमचे हे इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

खरं होतं. नऊ वर्षं पहिली-दुसरी माझ्याकडे होती. गेल्या वर्षी जूनमध्ये सरांनी ते वर्ग स्वतःकडे घेतले आणि मला तिसरी-चौथी दिली. माझी बारकी पोरं काढून घेतली म्हणून मी तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

सर बाहेर व्हरांड्यात उभे होते. शनिवारची सकाळची शाळा उरकून वही न्यायला आले होते. मी वही घेऊन त्यांच्यासमोर गेले.

“सर.”

“बोला बाई,” ते म्हणाले, जणू काल दुपारीच आमचं बोलणं अर्धं राहिलं होतं.

“मला वाटलं, तुम्ही माझा काटा काढताय.”

“काटा काढायचा असता तर गप्प बसलो असतो. आणखी एक पाटी फुटली असती की आपोआप निघाला असता.”

मग आपला जुनाच राग वर आला. “पण पहिली का घेतलीत माझ्याकडून?”

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं. चौथीच्या स्कॉलरशिपचं गणित आता मला झेपत नाही. तुम्हाला झेपतं.” त्यांनी वही पिशवीत घातली. “वहीत लिहायला लाज वाटली.”

“अहो, एवढंच होतं तर!”

“एवढंच.”

आम्ही तिघांनी कॅन्टीनला चहा घेतला. सरांनी पैसे देऊ दिले नाहीत, त्यावरून पुन्हा भांडण झालं, पण ते तोंडाने झालं.

घरी जाताना मी ह्यांना पुढे पाठवलं आणि शाळेच्या फाट्यावर उतरले. तिथून माळातून सोनालीची वस्ती दहा मिनिटांवर. तीन आठवडे ती वाट चालायचं धाडस मला झालं नव्हतं. अंगणात तिची आई शेंगा फोडत बसली होती. मला बघून ती उठली आणि सोनाली तिच्या पातळामागे गेली. भुवईवर अजून तांबडी रेघ होती.

“अगंबाई, बाई तुम्ही? बसा की,” आई म्हणाली.

“बसते. आधी बोलते.” मी खाली उकिडवी बसले, म्हणजे पोरीच्या डोळ्यांसमोर डोळे येतील. “सोनाली, मी आजारी होते, बाळा. आजच कळलं डॉक्टरांकडून. पण पाटी मी आपटली. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं.”

“असं काय बोलताय बाई,” आई कावरीबावरी झाली. “लेकराला काय त्याचं. जा गं सोने, पाणी आण बाईंना.”

सोनाली आत पळाली. येईल की तशीच मागच्या दाराने जाईल, मला ठाऊक नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. मग ती तांब्या घेऊन आली, हात लांब करून मला दिला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

पहिली गोळी दुपारीच घेतली होती, तिचा अजून काय उपयोग होणार? तांब्या ओठाकडे नेला तशी हातांनी आपलं काम सुरू केलं. पाणी हिंदकळून माझ्या मांडीवर सांडायला लागलं. बांगड्या तांब्यावर वाजत होत्या. मला वाटलं, आता पोर घाबरेल.

सोनालीने माझ्या हातांकडे जरा वेळ बघितलं. मग ती पुढे आली, दोन्ही तळवे तांब्याच्या बुडाला लावले आणि मी पुरतं पाणी पिईपर्यंत तशीच धरून उभी राहिली.

“हळू प्या, बाई,” ती म्हणाली. “सांडंल.”